निकाल लागेपर्यंत डबा नाही

सिंगापुरात न्यायाधीश काही मतं मागून होत नाहीत, हे नीता सबनीसला कोणी सांगायला नको होतं. बाई स्वतः वकील. पण मराठी माणूस जिथे जाईल तिथे मंडळ काढणार, आणि मंडळ काढलं की भांडणार! स्नेहवर्धन मंडळाचे संस्थापक पद्माकरकाका हे पुरतं ओळखून होते. म्हणून त्यांनी घटनेतच लिहून ठेवलं होतं की कार्यकारिणीचा निर्णय पटला नाही तर अपील करावं, आणि सभासदांनी निवडून दिलेल्या न्यायाधीशाने त्याचा निकाल द्यावा. लोक चेष्टेने त्या पदाला ‘हायकोर्ट’ म्हणत. इतकी वर्षं ते हायकोर्ट म्हणजे काकाच, दरवेळी बिनविरोध. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा काकांनी खुर्ची सोडली, आणि नीता निवडणुकीला उभी राहिली.

हसू नका हो. कोल्हापूरला असताना ती दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा पास झाली होती, नेमणूकही झाली होती. नेमकी तेव्हाच नवऱ्याला, यशोधनला, सिंगापूरची नोकरी लागली. सगळ्यांनी समजूत घातली, “तिकडे काय कोर्टं नाहीत?” होती ना. हिच्यासाठी नव्हती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हिला चढायची होती, तर तांजोंग पगार नावाच्या भागातल्या ऑफिसात बसून दुसऱ्यांचे करार वाचण्यात वीस वर्षं गेली. एकदा तरी दोन्ही बाजू ऐकून आपल्या तोंडाने निकाल द्यावा, एवढीच तिची हौस. मग खुर्ची प्लास्टिकची का असेना.

समोर उभा राहिला हेमचंद्र. बँकेतला बडा साहेब, तोंडात कायम खडीसाखर. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, दिसेल त्याला कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पाजायचा, पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, “तुमचं काम झालंच समजा.”

आणि भांडण तर तयारच होतं. गणेशोत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी हॉल तासभरच मोकळा. कार्यकारिणीने तो तास क्लेमेंटी भागातल्या प्रणिताला दिला. ती युनिव्हर्सिटीतल्या पोरांचं लेझीम बसवत होती. वुडलँड्स भागातली अरुणा भडकली. तिच्या बायकांचं नाटक केव्हापासून तालमीत होतं! तिने तडक अपील केलं. त्याचा निकाल आता नव्या न्यायाधीशाने द्यायचा होता.

अरुणा म्हणजे नीताची जिवाभावाची मैत्रीण. नीताच्या बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, तेव्हा अरुणानेच तिला डिंकाचे लाडू करून घातले होते. शिवाय वुडलँड्सची मतं तिच्या शब्दाबाहेर नव्हती. एका संध्याकाळी ती हक्काने येऊन सोफ्यावर बसली.

“नीते, आमचं नाटक होणार ना गं? एवढा शब्द दे, अख्खं वुडलँड्स तुझ्या पदरात टाकते.”

“शब्द नाही देता येत, अरुणा. प्रणिताची बाजू मी ऐकलेली नाही अजून.”

“अगं, पण मी आणि प्रणिता एकच का तुला?”

“त्या खुर्चीत बसल्यावर एकच.”

अरुणा चहा अर्धा टाकून उठली. आतून सगळं ऐकणारी इरा, नीताची लेक, बाहेर आली आणि सिंगापुरी हेल काढून म्हणाली, “मम्मी, जस्ट से येस लाह! नंतर बघता येईल.”

“नंतर बघायचं असेल तर आधी बोलायचं नसतं,” नीता म्हणाली. दोन दिवसांनी प्रणिता येऊन गेली. तिलाही तेच उत्तर मिळालं, तीही फुगून गेली.

मग अरुणाकडून डबा परत आला. मागच्या आठवड्यात नीताने त्यातून तिला सुरळीच्या वड्या पाठवल्या होत्या. अरुणाच्या नवऱ्याने, दिलीपने, मेट्रोच्या MRT स्टेशनवर तो तिच्या हातात दिला. बिचारा वर बघेना. घरी येऊन नीताने झाकण काढलं. डबा रिकामा! मराठी घरातून कोणाचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालतात. यात साखरेचा कणही नव्हता, घासूनपुसून लख्ख. नीता किचनमध्ये ओट्याला टेकून ढसाढसा रडली.

यशोधन घाबरला. “जाऊ दे ना, नाव मागे घे. एका खुर्चीपायी मैत्रीण घालवणार आहेस का?”

“एकदा घेतलंय मागे,” ती म्हणाली. “तुझ्या नोकरीसाठी. आता नाही घेणार.” वीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. यशोधनने मुकाट्याने चहा टाकला.

निवडणुकीच्या सभेच्या दिवशी क्लेमेंटीचा हॉल गच्च भरला. नीताचं भाषण दोन वाक्यांचं: “मी दोन्ही बाजू ऐकेन. त्याआधी कोणालाच काही सांगणार नाही.” टाळ्या यथातथाच. हेमचंद्र मात्र पाघळला, सगळ्यांना आपलं म्हणाला. त्यावर भोळी प्रणिता उठली. “आमचं लेझीम नक्की केल्याबद्दल हेमचंद्रदादांचे आभार!”

“लेझीम?” अरुणा ताडकन उभी राहिली. “अहो, मला तर नाटक नक्की म्हणाले!”

हॉलमध्ये असा काही हशा उसळला की विचारू नका. हेमचंद्राची खडीसाखर घशातच अडकली. अरुणा मात्र हसली नाही. “मी नीताकडे शब्द मागितला. नाही म्हणाली,” ती म्हणाली. “रागाच्या भरात मी तिचा डबा रिकामा पाठवला. लाज वाटते मला. या हेमचंद्रदादांनी हो हो म्हणून आम्हा दोघींना उल्लू बनवलं, आणि जी तोंडावर नाही म्हणाली तिच्यावर मी रुसले. माझं मत नीताला!”

वुडलँड्सचे हात वर गेले, पाठोपाठ क्लेमेंटीचे. काकांनी मोजणं मध्येच सोडून दिलं आणि जाहीर केलं, “नीता सबनीस! आणि माझे गुडघे सुटले!” यशोधनने अशी शिट्टी मारली की इराने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अरुणा दारात हजर, हातात डबा. “नारळाच्या वड्या. घे, आणि माफ कर बाई.”

नीताचा हात पुढे गेला आणि थांबला. “माफ केव्हाच केलं. पण निकाल लागेपर्यंत डबा नाही.”

“अगं, वड्या आहेत, लाच नाही!”

“रविवारी निकाल. तोपर्यंत दोन्ही सारखंच.”

“धन्य आहेस!” म्हणत अरुणा हसत हसत वड्या परत घेऊन गेली.

रविवारी नीता त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. दोघींचं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये कोणाला बोलू दिलं नाही. मग निकाल दिला. प्रणिताने नाव मुदतीत कळवलं होतं, अरुणाने मुदत टळल्यावर. लेझीम होईल, अपील फेटाळलं.

अरुणा उठली आणि तरातरा टेबलाकडे निघाली. आता काय होतं म्हणून काकाही खुर्चीतून अर्धे उठले. तिने पिशवीतून डबा काढला आणि न्यायाधीशांच्या पुढ्यात आपटला.

“लागला ना निकाल? आता घे. ताज्या आहेत, त्या दिवशीच्या आम्हीच संपवल्या.”

नीताने डबा दोन्ही हातांनी जवळ ओढला. डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

“आणि ऐक,” अरुणा म्हणाली, “डबा रिकामा पाठवायचा नाही हं.”