शमीमचा स्त्रीपार्ट

शमीम गेल्याचं तिच्या नवऱ्याने, इक्बालभाईंनी, मला फोनवर सांगितलं. शुक्रवारची दुपार होती, मी अर्ध्या दिवसाचं ऑफिस उरकून घरी येऊन भेंडी चिरत होते. "वृंदाभाभी, शमीम नहीं रही," एवढंच ते हिंदीत म्हणाले... एरवी माझ्याशी मराठीखेरीज न बोलणारा माणूस. हृदयविकाराचा झटका, वय बावन्न. दुसऱ्या दिवशी दफन झालं आणि पुढचे तीन दिवस इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या मजल्यावर चपला काढायला जागा उरली नाही. रत्नागिरीकडची तिची माणसं होतीच, पण आमचं अख्खं मराठी मंडळ, खालचा केरळी किराणावाला, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा, सगळे. मी पाण्याचे ग्लास फिरवत होते आणि मनात... लिहू नये, पण लिहिते... मनात येत होतं, की माझ्या वेळी यातले निम्मे तरी येतील का? मैत्रीण जाऊन दोन दिवस झाले नव्हते आणि मी तिच्या गर्दीवर जळत होते. अकरा वर्षांची सवय, ती त्या दिवशी कशी सुटणार!

आमची दारं समोरासमोर. इक्बालभाई खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला, शनिवार-रविवारपुरते घरी. मूलबाळ नाही. त्यामुळे शमीमचं दार दिवसभर अर्धं उघडं आणि माझी ईरा, आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पाच वर्षांची, बहुतेक वेळ त्या दाराच्या पलीकडे. मी केलेल्या आमटीला नाक मुरडणारी ही मुलगी तिच्याकडची सांदणं तिसऱ्यांदा मागून खायची. तिच्या बाल्कनीत ऐन जुलैतही कढीपत्ता तगायचा, माझी तुळस मेअखेरीस करपायची. आमचे हे घरात हं आणि हूं एवढंच बोलतात, पण शमीमने काही सांगितलं की पोट धरून हसायचे. असं सगळं. बाईने मुद्दाम काही केलं असतं तर भांडता तरी आलं असतं, पण ती कधी वाकड्यात शिरलीच नाही. त्याचाही राग यायचाच.

एक गोष्ट मात्र माझी होती, गाणं आणि नाटक. पुण्यात बारा वर्षं गाणं शिकले आहे, आणि आमच्या मंडळात माझ्या तोडीचं कुणी नाही हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मंडळाचे दिग्दर्शक सोवनी सर उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात इंजिनियर, आणि सुटीच्या दिवशी नाटकवेडे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं, की इंग्रजी अमलातल्या मुंबईतली, शंभरएक वर्षांपूर्वीची, नाटकाची एक संध्याकाळ जशीच्या तशी उभी करायची. म्हणजे दारात आलेल्या प्रेक्षकावर गुलाबपाणी शिंपडायचं, हातात हँडबिल द्यायचं. गोटीच्या सोड्याच्या बाटल्या फट्कन उघडायच्या. पुढच्या खुर्च्यांवर दोन गोरे साहेब, त्यांच्यापुढे वाकून वाकून कंबर मोडलेला कंपनीचा मॅनेजर, बायकांच्या बाजूला चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा. तिसरी घंटा झाली की मग खेळातला खेळ, आणि त्यातली नायिका अर्थातच स्त्रीपार्ट करणारा पुरुष नट. पण आमच्याकडे पुरुष मिळेनात. ज्याला धरावं त्याची शिफ्ट तरी यायची, नाहीतर बदली. शेवटी सर म्हणाले, बाई घेऊ. बाईने पुरुष व्हायचं आणि त्या पुरुषाने बाई व्हायचं. सगळे हसले. मी हसले नाही, कारण माझ्या डोक्यात ती भूमिका मला मिळूनसुद्धा गेली होती.

निवडीच्या दिवशी मी नऊवारी नेसून, पदर सावरत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. सरांनी चष्मा पुसला.

"वृंदाताई, तुम्ही बाई दिसताय."

"मग काय दिसायला हवं?"

"बाई झालेला पुरुष. तो नट कुठल्यातरी बाईकडे महिनोन्महिने बघत बसला असेल हो, तेव्हा कुठे त्याला चालता आलं असेल. तुम्ही बघितलेलंच नाही. तुम्हाला ते फुकट मिळालंय."

तेवढ्यात शमीम ईराला घ्यायला आली. सरांनी तिला सहज विचारलं. ती म्हणाली, "मला कसलं येतंय सर, मी कधी स्टेजवर पाय ठेवलेला नाही. पण महिनाभर द्या. इन्शाल्ला बघते." महिन्याने तिने चालून दाखवलं आणि भूमिका तिची झाली. मला त्या दिवशी ऑफिसचं काम होतं, म्हणजे मी तसं कळवलं होतं. माझ्याकडे आलं विंगेत बसून नायिकेची पदं गाणं, आणि शमीमला नऊवारी नेसवणं. रंगीत तालमीत मी गुडघ्यावर बसून तिच्या निऱ्या खोचायचे आणि ती वरून म्हणायची, "यल्ला, चल गो वृंदा, घट्ट बांध. स्टेजवर सुटली तर खलास." एकदा मी इतकी घट्ट बांधली की तिला श्वास घेता येईना. चुकून बांधली असं मी सांगितलं.

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात झाला. सगळं थोडंफार डगमगलं, साहेबांच्या मिश्या एकदा पडल्या, आणि मग नायिकेचा प्रवेश आला. घरच्यांची नजर चुकवून ती बागेकडे निघते, एवढंच. वाक्य एकही नाही. शमीम तीन पावलं झपझप चालली, थबकली, उजवा हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला, मान अर्धीच मागे वळली... आणि मग, जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे, अशी हनुवटी वर करून ती पुढे निघाली. सभागृहात टाळ्या पडल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" वन्स मोअर पदाला असतो. नुसत्या चालण्याला तो मिळाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शमीम शांतपणे परत गेली आणि पुन्हा चालली. त्यानंतरच्या माझ्या पदालाही टाळ्या पडल्या, मुलांच्या वाढदिवसाला पडतात तशा.

मेकअपच्या खोलीत मी तिच्या पदराच्या पिना काढत होते. तिने आरशातून मला विचारलं, "कसं झालं गो?"

मी पिनांकडे बघत म्हटलं, "साडी छान बसली होती."

 ती हसली आणि म्हणाली, "तूच नेसवलीस ना!" ती आणखी कशाची तरी वाट बघतेय हे मला कळत होतं. कळूनही मी बोलले नाही. पुढे त्या खेळाचे आणखी दोन प्रयोग झाले, शारजात आणि अबूधाबीत. दोन्हीकडे चालण्याला वन्स मोअर. दोन्हीकडे तिने मला विचारलं, आणि मी एकदा लाइटबद्दल बोलले, एकदा ट्रॅफिकबद्दल.

आता इक्बालभाई घर सोडून खोर फक्कानला राहायला गेलेत. जाताना त्यांनी प्रयोगाचं रेकॉर्डिंग ईराला दिलं. एका रविवारी आम्ही दोघी ते बघत बसलो. शमीम थबकली, किल्ल्यांकडे हात गेला, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "जरा जास्तच थांबली." ईराने टीव्ही थांबवला. सोळा वर्षांची आहे, माझ्याशी बरंचसं इंग्रजीतच बोलते.

"आई, आर यू सिरियस? दॅट्स यू."

"मी काय?"

"द वॉक. एव्हरी मॉर्निंग. यू लॉक द डोअर, तीन पावलं जातेस, देन यू स्टॉप. किल्ल्या घेतल्या का, गॅस बंद केला का. अँड देन यू डिसाइड यू डोन्ट केअर. शमीम आंटी वॉच्ड यू थ्रू द पीपहोल फॉर अ मंथ. शी प्रॅक्टिस्ड विथ मी. एव्हरीबडी न्यू."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"शी सेड, इफ यू न्यू, यू'ड स्टॉप वॉकिंग लाइक दॅट. अँड शी वॉज होपिंग यू'ड से समथिंग फर्स्ट."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. चार वर्षं मी ज्या चालण्यावर जळत होते ते माझंच होतं. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच... माझ्याकडे इतकं निरखून आजवर कुणी बघितलं नव्हतं, ना नवऱ्याने, ना मुलीने, ना मी स्वतः. मीही अकरा वर्षं तिच्याकडे बघतच होते, पण तिला काय काय मिळालंय एवढंच बघत होते.

शमीमचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप लावून मी तीन पावलं गेले, हात किल्ल्यांकडे निघाला, आणि तो निघालाय हे मला कळलं. मधल्या मधे लाकडासारखी उभी राहिले. तेव्हापासून रोज तेच. परवा ईराला म्हटलं, बघ गं, जमतंय का? ती म्हणाली, "नो, आई. यू आर ट्राइंग." समोरच्या घरात अजून कुणी राहायला आलेलं नाही. काल सकाळी मजल्यावर कुणी नव्हतं, तेव्हा मी त्या बंद दारापाशी गेले, पीपहोलकडे तोंड केलं आणि म्हटलं, "छान चाललीस गं शमीम. माझ्यापेक्षा छान." लिफ्ट आली आणि निघून गेली. मी तिथेच उभी राहिले, आणि खरं सांगते, ते म्हणतानाही मला तिचा हेवा वाटत होता.