बुटका माच

राजेळी केळी सोलून ज्यावर सुकेळीसाठी वाळत घालायची, तो बांबूचा माच वसईच्या आमच्या वाडीत मोठ्या माणसाच्या छातीइतका उंच असे. मी आठ वर्षांची होते. तापात एक पाय लुळा पडलेला, त्यामुळे तिथवर माझा हातच पोचत नसे. त्या वर्षी बाबांनी करवत घेतली आणि माचाचे पायच कापले!

"कोंबड्या खातील ना सगळं!" आमच्याकडे राहणारी आत्या कडाडली.

"राखायला ही आहे की," बाबा म्हणाले.

काय तोरा होता माझा! काठी घेऊन, जमिनीवर सरकत सरकत मी एकेक केळं उलटत होते. कोंबड्यांवर खेकसत होते, आणि कुणी केळं वाकडं ठेवलं तर मोठ्यांवरही! ते बिचारे वाकून वाकून उलटत होते. तिसऱ्या दिवशी आत्याने कंबर धरली.

"दादा, माच उंच कर. माझी कंबर मोडली!"

बाबांनी मानही वर केली नाही. "मग हिच्यासारखी बस की खाली."

आत्या बसली. मग आईही बसली. मी काठी आपटून म्हणाले, "असं नाही सरकायचं! थांबा, मी शिकवते."