कुलपांच्या दालनातले मामा

आमच्या संग्रहालयात कुलपांचं दालन सांभाळणाऱ्या मामांना बंद खोलीची भीती वाटते, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण घरी ते न्हाणीघराला कडीसुद्धा लावत नाहीत. मामी बाहेर स्टूल टाकून राखण करतात. मी तिकीटखिडकीवर बसते. यावरून मामांना मी मनसोक्त चिडवायचे.

कुलपं बघायला काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. दालन बंद होणार, असं ठरतच आलं होतं. मग संचालकबाईंच्या डोक्यातून कल्पना निघाली. तिथल्या जुन्या तिजोरीखोलीत पाहुण्यांना पैसे घेऊन कोंडायचं. त्यांनी खाणाखुणा शोधून किल्ली मिळवायची आणि सुटायचं. सोबतीला आपला एक माणूस हवाच. तो माणूस अर्थात मामा. नाही म्हणावं, तर दालन गेलं आणि नोकरीही.

पहिल्याच खेळाला एका कुलूप कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. खेळ आवडला तर त्या भागीदार होणार होत्या. मामांनी काय करावं? चौकटीत कुलपाची जीभ जिथे शिरते, त्या खाचेत गुपचूप फडकं कोंबलं. दार नुसतं लोटलेलं राहिलं. आणि भीती दुप्पट झाली! पाहुणे पेटारे उपसतायत, मामा घामाघूम होऊन दारापुढे उभे. कुणी साधा धक्का दिला तरी बिंग फुटणार.

धक्का मालकीणबाईंनीच दिला. "सरका जरा," म्हणाल्या, आणि दार सताड उघडलं. बाहेर संचालकबाई. मामांचा चेहरा पांढराफटक.

मालकीणबाईंनी फडकं ओढून काढलं. "जुनं कुलूप अडकतं, म्हणून पाहुण्यांच्या काळजीनं घातलंत ना? शहाणे आहात. आमचं नवीन बसवून देते, फुकट. दालनाचा खर्चही आमच्याकडे."

दालन वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मामांनीही. बिचारे दुसरं काय करणार?

नवं कुलूप आकड्यांवर उघडतं. आकडा दर खेळाला बदलतो, मामांनाही सांगत नाहीत. कुणी घाबरलंच तर आत घंटा आहे, आणि दार उघडायचं बटण माझ्या खिडकीत.

हल्ली आत जायच्या आधी मामा माझ्याकडे येतात.

"तू इथंच आहेस ना गं?"

"आहे, मामा."

"उठणार नाहीस ना?"

चिडवणं केव्हाच सुटलं. मामा आत असले की मी चहालाही उठत नाही. बटणावर बोट ठेवून बसते, आणि शेजारी कुणी खुर्ची सरकवली तरी माझ्याच छातीत धस्स होतं.