टायर बघायचा थांबा

डेपोत तिला सगळे 'डबलबेल' म्हणत. दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते, आणि या कंडक्टरबाईची दुसरी घंटी पहिलीचा आवाज विरायच्या आत वाजायची. डोंगरापलीकडची लांबची गाडी पहिल्यापासून तिचीच.

धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिचं अंग बाहेर यायला लागलं. आधी फक्त संध्याकाळी जड वाटायचं, मग दुपारपासूनच. शिंक आली की आधी मांड्या आवळायच्या आणि मगच शिंकायचं, अशी सवय लागली.

"बायकांचं असंच असतं गं," नणंद म्हणाली. "आमच्या आईनं कधी कुरकुर केली?"

"आईंना कुठं गाडीत उभं राहून तिकिटं फाडायची होती, वन्सं?"

शेवटी तिने ऑपरेशन करून घेतलं. तीन महिन्यांनी तपासताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "मग, समाधान आहे ना?"

"टाके बरे आहेत. समाधानाचं गाडीत उभी राहिले की सांगते."

डॉक्टरबाई हसल्या. "जा कामावर. पण ओझं उचलायचं नाही हं!"

डेपोचे साहेब मात्र अडून बसले. "आधी एक फेरी करून दाखवा. नाही झेपलं तर कायमचं तिकीटखिडकीवर." त्या खिडकीच्या भोकातून माणसांचे नुसते हात दिसत. तिला अख्खी माणसं हवी होती, भांडणारी, पेंगणारी, सुट्ट्यांवरून हुज्जत घालणारी.

सकाळी ती पायरी चढली तर ड्रायव्हर आरशातूनच ओरडला, "आलात का ताई! गाडी नुसती मुकी झाली होती." त्याला सगळा डेपो मामा म्हणे.

"आज बोलकी करते, मामा."

पहिल्याच थांब्यावर एकाने पोतं पुढं केलं. "ताई, जरा हात लावा."

"हात मी तिकिटाला लावते. पोतं तुमचं, कंबर तुमची!"

गाडीत हशा पिकला. खड्डा आला, ती दांड्याला धरून उभीच. दुसरा आला. नेहमीचं ते खाली ओढल्यासारखं आता होईल, मग होईल, म्हणून ती वाट बघत राहिली. चढावर कुणीतरी तपकीर काढली आणि तिला सणसणीत शिंक आली. शिंकून झाल्यावर ध्यानात आलं, की मांड्या आवळायच्या राहूनच गेल्या! काहीसुद्धा झालं नव्हतं. तिने मोठ्या हौसेने आणखी एकदा शिंकायला बघितलं, पण मुद्दाम कुठली यायला?

पेट्रोल पंपापाशी तिची घंटी नसताना गाडी थांबली. मामा लोखंडी सळई घेऊन खाली उतरला आणि टायर ठोकायला लागला. प्रत्येक फेरीला इथं टायर बघायचे, हा त्याचा नेमच होता. तेवढ्या वेळात ती पंपामागच्या संडासात धावायची, अंग आत सारायची आणि घटकाभर टेकून परत यायची. मामाच्या या खुळाचे तिने मनोमन किती आभार मानले होते.

आज ती जागची हलली नाही. मामाची एक प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. प्रवासी कुरकुरायला लागले. तिने दारातून डोकं काढलं.

"मामा, किती ठोकाल? फुटेल तो!"

"तुम्ही उतरला नाहीत?"

"उतरून काय करू?"

मामाने सळई खाली केली. त्याचा चेहरा असा काही फुलला की बस. "मग चला की! टायरना काय धाड भरलीय? त्यांना कधीच काही झालं नव्हतं."

ती बघतच राहिली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..."

"आमच्या घरीही हाच त्रास आहे, ताई," तो हळूच म्हणाला. "चेहऱ्यावरून कळतं. पण ती ऑपरेशनला भिते."

"उद्या मला सुट्टी आहे. मामींना तयार ठेवा, मी स्वतः नेते डॉक्टरबाईंकडे. नाहीतरी त्यांना एक उत्तर द्यायचं राहिलंय."

मामा टुणकन उडी मारून सीटवर बसला. तिने दोरीला असा झटका दिला, की मागून पोतंवाला ओरडला, "अहो ताई, घंटी अडकली काय?"

"अडकली नाही," ती म्हणाली. "सुटली!"