दोन्ही पक्षांना देणारा माणूस

अमरावतीत, राजापेठेत स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये मी जगाचा इतिहास शिकवते. मागच्या हिवाळ्यात दोन महायुद्धांमधली अमेरिका चालू होती, तेव्हा शेवटच्या बाकावर एक पाहुणे येऊन बसले. माझ्या एका विद्यार्थिनीचे अब्बा. अकोल्यात जठारपेठेत त्यांचं कापडाचं मोठं दुकान आहे. मुलीला सुटीसाठी न्यायला आले होते.

तिथले धनाढ्य लोक पक्षांना कसा पैसा पुरवत, एका मंत्र्याने लाच घेऊन सरकारी जमिनीतलं तेल तेलवाल्यांना कसं गुपचूप देऊन टाकलं, हे मी सांगत होते. मग मंदी आली. गर्भश्रीमंत घरातला एक माणूस अध्यक्ष झाला आणि त्याने श्रीमंतांवरच कर वाढवले. त्याच्याच वर्गातले लोक त्याला गद्दार म्हणू लागले. बहुतेक वर्तमानपत्रं विरोधात गेली, तरी तो पुन्हा निवडून आला.

तास संपल्यावर अब्बा टेबलापाशी आले.

"मॅडम, तो मानूस खरंच गरिबायच्या बाजूनं होता, का आपल्याच बिरादरीले वाचवून राहिला होता?"

"अभ्यासकांचं यावर एकमत नाही."

"त्यायचं राहू द्या. तुमाले काय वाटते?"

"दोन्ही असेल," मी चाचरत म्हणाले.

त्यांचं समाधान झालं नाही. मग खरी गोष्ट निघाली. कित्येक वर्षं ते अकोल्यातल्या दोन्ही मोठ्या पक्षांना निवडणुकीसाठी पैसे देत आले होते. आता महापालिकेसाठी दोन्ही पक्ष त्यांनाच तिकीट देत होते.

"त्यायले मी पायजे का माहा गल्ला, हेच समजत नाही. तुमी सांगा, काय करू?"

"मग अपक्ष उभे राहा ना," मी म्हणाले. का म्हणाले, ते आजही मला सांगता येत नाही. त्यांची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

ते खरंच अपक्ष उभे राहिले. कोणत्याच पक्षाला पैसे दिले नाहीत. दोन्हीकडचे ओळखीचे लोक दुकानाची पायरी चढेनासे झाले, असं मुलगी सांगायची. पण ते निवडून आले.

पहिलंच काम त्यांनी केलं ते एका खोलगट गल्लीतल्या नालीचं. पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरायचं. त्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं कापडाचं गोडाऊनही आहे. नगरसेवकाने स्वतःचा माल वाचवला, अशी कुजबुज सुरू झाली. मला राहवेना. पावसाळा सरल्यावर मी अकोल्याला गेले.

गल्लीत उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईला मी नालीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "औंदा पानी घरात आलं नाही. कोनाचं गोडाऊन वाचलं, त्याचं मले काय करा लागते?"

दुकानात अब्बांनी चहा मागवला. मी सरळच विचारलं, "नाली कुणासाठी बांधली?"

त्यांनी रागावून पाहिलं नाही. कपातला चहा हलवत म्हणाले,

"गोडाऊन वाचलं, हे खरं हाय. लोकायचे घरं वाचले, हे बी खरं. पन पयले मनात काय आलं होतं, ते खुदा कसम, मलेच आठवत नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "एका पक्षाचे लोक काल पुन्हा आले होते. आमच्यात या म्हंतात. जाऊ का?"

या वेळी मी उत्तर दिलं नाही. चहा संपवला आणि अमरावतीची बस गाठली. वाटेत कधी वाटायचं, त्यांनी जायला हवं. पुढच्या थांब्यावर वाटायचं, अजिबात नको.