कडू काकडीची चौकशी

"तोंडी नको, लेखी द्या," असं काका एखाद्या दिवशी वेलीलाही म्हणतील, अशी थट्टा आम्ही त्यांच्या माघारी करायचो. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे, मागच्या बागेत काकडीच्या वेली लावायचे; मी दुसऱ्या मजल्यावर. केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झाले होते, म्हणजे त्यांचं फक्त टेबल बदललं होतं. दिल्लीतल्या सरकारी वस्त्यांत राहिलेल्या माणसांना मी वेगळं काय सांगू? वाण्याच्या यादीलाही क्रमांक घालणारी अशी माणसं तुम्ही पाहिलीच असतील.

मला ते नावानं हाक मारत नसत. "दुसरा मजला, खाली या," म्हणायचे. खाली गेलं की हातात काकडी द्यायचे. पण देण्याआधी तिचं टोक कापून, तोच तुकडा कापल्या जागी फेस येईपर्यंत घासायचे, एक चकती स्वतः चावायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "हिच्या माहेरची आहे. पास."

काकडीचं बी खरंच काकूंच्या माहेरचं होतं, वाईकडचं. लग्न होऊन दिल्लीला येताना काकूंनी ते राखेत घोळवून आणलं होतं. दरवर्षी एक काकडी वेलीवरच पिवळी होऊ द्यायची आणि पुढच्या सालाचं बी धरायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. मी तिथे राहायला आलो तेव्हा काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. वाईकडचं घर, शेत सगळं विकलं गेलं होतं. उरलं होतं ते एका खाकी लिफाफ्यात. वर काकूंच्या अक्षरात लिहिलेलं, 'काकडी, आईची'.

मला तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. मे महिन्यात काका तीन आठवड्यांसाठी पुण्याला मुलीकडे गेले. जाताना मागच्या फाटकाची किल्ली आणि एक टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन.

पहिला आठवडा मी पाणी घातलं. मग ऑफिसात कामं वाढली, मेट्रोतून घरी येईपर्यंत जीव नकोसा व्हायचा, आणि 'उद्या घालू' म्हणता म्हणता आठ दिवस गेले. रविवारी गॅलरीतून खाली पाहिलं तर पानं फडक्यासारखी लोंबत होती. मी धावत खाली गेलो आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. दोन दिवसांत वेली उभ्या राहिल्या. मला वाटलं, मिटलं.

काका आले, बाग पाहिली. "अच्छा! ड्यूटी चोख बजावलीत." मग पहिली काकडी कापली, घासली, चकती तोंडात टाकली आणि थांबले. दुसरी कापली. तिसरी कापली.

"दुसरा मजला, खा."

मी खाल्ली.

"कडू?"

"थोडीशी."

"थोडीशी काय? घशापर्यंत गेलीय तुमच्या. चेहरा बघा."

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. जुन्या सवयीनं हिरव्या कागदावर त्यांनी विषय लिहिला, 'काकडीतील कडवटपणा', आणि खाली चार कारणं: माती, ऊन, पाणी, बियाणे. माती हुंगून झाली, बोटावर घेऊन चाखूनही झाली. सोसायटीच्या माळ्याला बोलावलं. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबूजी, पानी कम मिला होगा. गर्मी में हो जाता है."

"पानी का रेकॉर्ड है," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "रोज दोन वेळा?"

"हो काका."

"सही करा."

मी केली. चार काकड्यांचा तर प्रश्न होता, आणि माळ्यासमोर खोटं पडायची लाज वाटली. त्यांनी 'पाणी' या शब्दावर सावकाश रेघ ओढली. ऊन दरवर्षीचंच, माती तीच. एकच शब्द उरला.

"बी बिघडलं," ते म्हणाले. "हिनं चाळीस वर्षं सांभाळलं. मला चार वर्षं जमलं नाही."

संध्याकाळी त्यांनी लिफाफा कचऱ्याच्या डब्यात झटकला. रिकामा लिफाफा घडी करून खिशात ठेवला. डब्याचं झाकण मी धरलं होतं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. झाकण लावून मी वर गेलो आणि जेवलो.

पुढच्या वर्षी त्यांनी बाजारातलं बी लावलं. काकड्या गोड निघाल्या. "बघा, निष्कर्ष बरोबर होता," ते म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी गोंधळलो तो आजतागायत. या वेळी पाणी त्यांनी स्वतः घातलं होतं, म्हणून गोड? की आधीचं बी खरंच बिघडलं होतं? इंटरनेटवर शोधलं तर एक जण पाणी म्हणतो, दुसरा ऊन, तिसरा बी. पाणी की बी, असं माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, "दोनों हो सकता है, साहब." बी खरंच बिघडलेलं निघावं, असं मला मनातून वाटायचं. आणि असं वाटतं म्हणून स्वतःची किळसही यायची.

काका काकडी देत राहिले. 'हिच्या माहेरची' मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

तीन वर्षांनी त्यांनी कायमचं पुण्याला जायचं ठरवलं. मी पुस्तकं बांधायला गेलो होतो. सुतळीची गाठ मारता मारता म्हणालो, "काका, त्या मे महिन्यात मी आठ दिवस पाणी घातलं नव्हतं."

ते खुर्चीत बसले. "किती?"

"आठ दिवस."

"सलग?"

"हो."

"एक बादलीसुद्धा नाही?"

"नाही काका."

रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते म्हणाले, "परत एकदा सांगा." मी सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे डोळे भरले होते, आणि तोंडावर हसू होतं की काय होतं, मला आजही सांगता येत नाही. माळी 'दोनों' म्हणाला होता, हे माझ्या ओठांवर आलं. मी गिळलं.

दोन दिवसांनी टॅक्सी आली. न्यायला मुलगी आली होती. काका पायरीवर थांबले, माझा दंड धरला आणि तिला म्हणाले, "अगं, आईचं बी चांगलं होतं. बिल्कुल चांगलं. हे सांगतायत."

त्याच हिवाळ्यात ते पुण्यात वारले. त्या निघायच्या दिवसातली मला आठवते ती मुलगी. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, "थँक यू हं दादा. बाबा किती दिवसांनी आईबद्दल बोलले." मी बॅग उचलून डिकीत ठेवली.