जर्दाळूच्या मुळाशी मीठ

ओमानमध्ये बर्फ होतो, हे रत्नागिरीत अजून कुणाला पटत नाही. पण जबल अखदर डोंगरावर, आमच्या गेस्ट हाउसच्या पार्किंगमध्ये, जानेवारीत होतो. टँकरने टाकी भरताना सांडलेलं पाणी उतारावर पसरतं आणि सकाळी फरशीची काच झालेली असते. देखभाल माझ्याकडे, म्हणजे ती काचही माझीच.

पहिल्या हिवाळ्यात मस्कतहून आलेल्या एक बाई गाडीतून उतरल्या आणि तिथंच आपटल्या. मनगट मोडलं. मॅनेजरने मला बोलावून एवढंच सांगितलं, की पुन्हा कुणी पडलं तर मी डोंगर उतरायचा, कायमचा. मला आठवलं ते गावचं बंदर. मासळीच्या बर्फाने जेटी निसरडी झाली की बाप तिच्यावर खडेमीठ मारायचा. मी खाली किनाऱ्यावरच्या बरक्याहून मिठाच्या गोणी मागवल्या. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पार्किंगात म्हावरं भरताय काय?" दोघंही हसलो. पण काम झालं. पुढं कुणी पडलं नाही.

पार्किंगच्या खाली एका म्हाताऱ्या ओमानी शेजाऱ्याची पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे, तीत जर्दाळूची झाडं. त्याला आम्ही हाजी म्हणतो. वितळलेलं पाणी त्याच्याकडेच उतरतं, हे मला दिसत होतं. पण आमच्याकडे माडाच्या मुळाशी मीठ घालतात, त्याने नारळ चांगला धरतो. मिठाने झाड मरेल हे मनातच आलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. ते पुरतं खरं नाही. हाजीच्या मातीवर पांढरी साय धरलेली मी एकदा पाहिली होती, आणि चपलेने ती पुसून टाकली होती.

मार्चमध्ये हाजी एक डहाळी घेऊन वर आला. पानांच्या कडा करपलेल्या. बाजारात शिकलेल्या हिंदीत त्याने विचारलं, "सदीक, दोस्त, हे थंडीने?"

"थंडीनेच, हाजी."

त्याचं समाधान झालं. उलट मलाच काहवा, त्यांची वेलदोड्याची कॉफी, प्यायला घेऊन गेला. मी गेलो. त्याचे खजूरही खाल्ले.

त्यानंतर मी काही केलं नाही असं नाही. मिठाऐवजी वाळू टाकून पाहिली. ती पाहुण्यांच्या बुटांनी गालिच्यांवर गेली आणि मॅनेजरने ती बंद करवली. बांध घालावा, तर पाणी वळून दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात जाणार. माती धुऊन काढायला भरपूर गोडं पाणी हवं, आणि आमचं पाणी टँकरने वर येतं. एक टँकर हाजीला द्या म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांच्या आंघोळी तू बंद करणार का? डोंगरातल्या पाटाचं पाणी हाजीला पाळीने मिळतं, तेही जेमतेम.

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, तो पहिलं झाड कापत होता. मी खाली उतरलो आणि सगळं सांगितलं. मीठ, ती साय, ते खोटं बोलणं. त्याने करवत खाली ठेवली. बराच वेळ हातावरचा भुसा झटकत राहिला.

"मग आता काय करायचं?"

"पाणी सोडायचं. खूप."

"तू देशील?"

"माझ्याकडे नाही, हाजी."

त्याने करवत उचलली आणि पुन्हा कापायला लागला. मी फांदी धरू का म्हणून विचारलं. तो नको म्हणाला.

यंदा जानेवारीत पुन्हा काच धरली. काल सकाळी एक कुटुंब गाडी घेऊन आलं. पोरांना बर्फाला हात लावायचा होता, ती खिडकीतून अर्धी बाहेर आली होती, आणि बाप दार उघडत होता. खाली हाजी उरलेल्या झाडांभोवती फावड्याने माती ओढत होता. त्याने मान वर केली. मी त्या माणसाला जरा आत थांबायला सांगितलं आणि मिठाच्या गोणीचं तोंड सोडलं.